अक्षरांवरून शब्दांचा शोध : इंग्रजीतील एका अक्षरसमूहाच्या निमित्ताने

कोशात शब्द पाहणे ही क्रिया सामान्यतः एकाच दिशेने चालते. पाहणाऱ्यास शब्द ठाऊक असतो. त्यास अर्थ किंवा व्युत्पत्ती हवी असते. भाषाभ्यासकाची गरज पुष्कळदा याच्या उलट असते. त्याच्यापाशी काही अक्षरे असतात आणि ती ज्या ज्या शब्दांत आली आहेत ते सर्व शब्द त्यास हवे असतात. वर्णानुक्रमाने रचलेला कोश येथे फारसा उपयोगी पडत नाही. कारण त्याची मांडणी शब्दारंभावर आधारलेली असते.

‘अमुक अक्षरे असलेले शब्द’ या मागणीत वस्तुतः तीन भिन्न प्रश्न दडलेले आहेत. पहिल्यात अक्षरे सलग व ठरावीक क्रमाने यावी लागतात. दुसऱ्यात क्रम तोच राहतो, परंतु मध्ये इतर अक्षरे चालतात. ‘फसीशस’ म्हणजे थट्टेखोर या शब्दाच्या लेखनात ए, ई, आय, ओ, यू ही पाचही स्वराक्षरे याच क्रमाने येतात. ‘सबकॉन्टिनेन्टल’ या शब्दात ती नेमकी उलट क्रमाने येतात. तिसऱ्या प्रश्नात क्रमाला महत्त्व नसते. ‘लिसन’, ‘सायलेंट’ व ‘एन्लिस्ट’ हे तीनही शब्द त्याच सहा अक्षरांचे बनले आहेत. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावली असता तिन्हींपासून ई-आय-एल-एन-एस-टी ही एकच किल्ली मिळते. सर्व शब्दांची यादी अशा किल्ल्यांच्या क्रमाने लावली की समान अक्षरांचे शब्द आपोआप एकत्र येतात.

पहिल्या प्रश्नाचे अंशतः उत्तर व्युत्क्रम कोशाने दिले. जॉन वॉकर याने १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात शब्द अंत्याक्षरांकडून आरंभाकडे अशा क्रमाने लावले होते. आय-जी-एच-टी या अक्षरांनी संपणारे ‘लाइट’, ‘नाइट’, ‘राइट’ हे शब्द अशा रचनेत शेजारी बसतात. परंतु ‘एन्लाइटन’ किंवा ‘रायचस’ यांत तोच समूह मध्ये असल्याने ते निसटतात. शब्दाच्या कोणत्याही भागातील समूह शोधावयाचा तर संपूर्ण यादी चाळणे प्राप्त होते. १९७० नंतरच्या दशकात केन टॉम्पसन यांनी रचलेल्या ‘ग्रेप’ या संगणक-आज्ञावलीसारख्या साधनांनी हे श्रम काही क्षणांवर आणले.

मात्र यादी हाती आल्यावरच खरे काम सुरू होते. वरील समूहातील ‘जी-एच’ ही जोडी आज अनुच्चारित असली, तरी जुन्या इंग्रजीतील एका घर्षक व्यंजनाची ती खूण आहे. जर्मन भाषेतील ‘लिख्ट’, ‘नाख्ट’, ‘रेख्ट’ या सजातीय शब्दांत ते व्यंजन आजही उच्चारले जाते. यावरून यादीतील प्रत्येक शब्दात एके काळी हे व्यंजन होते असे अनुमान कोणी काढील, तर ‘डिलाइट’ या शब्दापाशी ते कोसळेल. हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचच्या द्वारे इंग्रजीत आला. त्यात हे व्यंजन कधीच नव्हते. सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या सादृश्याने ती दोन अक्षरे लेखनात शिरली. याउलट ‘ड्राफ्ट’ या शब्दात ते व्यंजन मूळचे आहे. परंतु एफ घालून केलेल्या लेखनात त्याची खूण उरली नाही, म्हणून ‘जी-एच’च्या शोधात तो सापडत नाही. यादी अशा प्रकारे नको ते देते आणि हवे ते गाळते.

दुसरी अडचण घटकांच्या सीमेची आहे. पी-एच ही अक्षरे बहुधा ‘फ’ या ध्वनीची निदर्शक असतात. परंतु ‘शेपर्ड’ म्हणजे मेंढपाळ या शब्दात पी हे अक्षर ‘शीप’चे व एच हे ‘हर्ड’चे आहे, ती केवळ शेजारी आली आहेत. हा भेद केवळ अक्षरे जुळविणाऱ्या यंत्रास कळत नाही. तो शब्दघटनेच्या ज्ञानानेच करावा लागतो.

देवनागरीत हाच शोध घ्यावयाचा झाल्यास प्रश्न आणखी आधी उभा राहतो : घटक कोणता मानावयाचा? ‘कमळ’ या शब्दात ‘अ’ हा स्वर उच्चारात आहे, परंतु त्याचे स्वतंत्र चिन्ह नाही. म्हणून ‘अ’ शोधल्यास हा शब्द मिळणार नाही. संगणकाच्या युनिकोड संकेतात ‘क्ष’ हा क, हलन्त-चिन्ह व ष अशा तीन चिन्हांनी साठविला जातो; म्हणून ‘ष’च्या शोधात ‘अक्षर’ हा शब्दही हाती येतो.

यास्तव अशा शोधाचा उपयोग करणाऱ्या प्रबंधात तीन गोष्टी नमूद असणे अगत्याचे आहे : शोध कोणत्या शब्दसंग्रहात घेतला, तिन्हींपैकी कोणता प्रश्न विचारला, आणि मिळालेल्या यादीतून कोणते शब्द कोणत्या आधारावर वगळले. त्यांवाचून यादी कितीही लांब असली, तरी तिच्यावरून ध्वनीविषयी किंवा व्युत्पत्तीविषयी विधान करता येत नाही.