चौरीचौऱ्याचा दारोगा

शाळेच्या पुस्तकातली एक ओळ मला कित्येक वर्षं छळत आली आहे. चौरीचौऱ्यात जमावाने ठाणं जाळलं, पोलीस मेले, गांधीजींनी असहकार मागे घेतला. मेलेले पोलीस होते कोण, हे त्या ओळीत नव्हतं.

त्यांच्या प्रमुखाचं नाव गुप्तेश्वर सिंह. गोरखपूर जिल्ह्यातल्या या लहानशा ठाण्याचा तो दारोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार. त्याच्या मृत्यूची गोष्ट ४ फेब्रुवारी १९२२ च्या शनिवारी सुरू होत नाही. ती सुरू होते काही दिवस आधी, जवळच्या मुंडेरा बाजारात. तिथे असहकार चळवळीचे स्वयंसेवक निदर्शनं करत होते. त्यांच्यातल्या भगवान अहीर नावाच्या माणसाला दारोग्याने बेदम मारलं. हा भगवान पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात राबून आलेला, सरकारी पेन्शन खाणारा गडी. सरकारचं मीठ खाल्लेले दोघे असे समोरासमोर आले.

मारहाणीचा जाब विचारायचं जवळच्या डुमरी गावातल्या सभेत ठरलं. शनिवारी मिरवणूक निघाली. बाजाराची वाट ठाण्यावरूनच जात होती. मध्यस्थी झाली, बराचसा लोंढा पुढे सरकलाही. मग झटापट झाली, पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या. कुणाला लागलं नाही, तेव्हा गांधीबाबाच्या कृपेने गोळ्यांचं पाणी झालं, असं लोकांना वाटलं. रुळांवरची खडी ठाण्यावर बरसू लागली. पुढच्या गोळ्यांनी माणसं पडली आणि जमाव बिथरला. पोलिसांनी ठाण्यात शिरून दारं लावून घेतली. बाहेरून रॉकेल ओतलं गेलं. दारोगा, शिपाई आणि गावचे चौकीदार मिळून २३ जण मेले. गांधीजींनी याला गुन्हा म्हटलं, पाच दिवस उपोषण केलं. त्यांचं बरोबरच होतं, असं मी मानतो.

पण खटल्याचे आकडे वाचताना पोटात गोळा येतो. २२५ आरोपी, आणि गोरखपूरच्या सेशन्स न्यायाधीशाने फाशी सुनावली १७२ जणांना! अलाहाबाद हायकोर्टात मदनमोहन मालवीय उभे राहिले, फाशी १९ जणांवर आली. त्या १९ जणांत भगवान अहीर होता.

इतिहासकार शाहिद अमीन अनेक वर्षांनी डुमरीत गेले. शिक्षा भोगलेल्या एका स्वयंसेवकाची विधवा नौजादी त्यांच्याशी बोलली. ती स्वयंसेवकांना ‘ओटियार’ म्हणायची. ‘व्हॉलंटियर’चं तिच्या जिभेवर झालेलं हे रूप. गावात ही गोष्ट माणसांच्या नावांनी जिवंत होती. आपण मात्र तिचा एक आकडा करून टाकला. तोही पुस्तकागणिक बदलतो, कुठे २२, कुठे २३.

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. त्या धड्यात दोन नावं घाला आणि ती शेजारीशेजारी छापा: दारोगा गुप्तेश्वर सिंह आणि पेन्शनर भगवान अहीर.