घरकुलांची पारख ग्रामसभेत

तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या रांगांपर्यंत पसरलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या डोंगराळ भागात वस्ती एका ठिकाणी नसून पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहे. बांबूच्या कुडाला शेणामातीचे लिंपण, लाकडी खांब आणि वर कौले, असे येथील भिल्ल व पावरा कुटुंबांचे परंपरागत घर असते. त्याची डागडुजी दरवर्षी करावी लागते. परंतु वैशाखाच्या उन्हात ते निवते, हा त्याचा मोठा गुण होय.

अशा घराच्या जागी शासनाच्या अनुदानातून पक्के घरकुल उभे राहते, तेव्हा ते पावसापाण्यात टिकावे ही अपेक्षा असते. ते उन्हाळ्यात राहण्याजोगे आहे काय, त्यातील चुलीचा धूर बाहेर जातो काय आणि विजेचा व सरपणाचा खर्च त्यामुळे कमी होतो काय, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे कोणी तपासावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अनुदानात ऊर्जेचा विचार

इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले व त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश करण्यात आला. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ राज्ये व दुर्गम भागांसाठी १ लाख ३० हजार रुपये अनुदान निश्चित झाले. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजनाही आहे.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील लाभार्थ्यांसाठी ५० हजार रुपयांची वाढ जाहीर केली. त्यांपैकी ३५ हजार रुपये बांधकामासाठी आणि १५ हजार रुपये छतावरील सौर संचासाठी आहेत. घरकुलाच्या हिशेबात ऊर्जेचे स्वतंत्र कलम अशा रीतीने आले. एक किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारणतः चार युनिट वीज देतो. मात्र जे घर दिवसभर तापते, त्यातील पंखा रात्रभर चालवावा लागतो. म्हणून वीज निर्माण करण्याइतकेच महत्त्व घर मुळात कमी तापेल अशा बांधणीला द्यावयास हवे.

घर कशामुळे तापते

एकमजली घरात सर्वाधिक उष्णता छतातून येते, कारण भर दुपारचे ऊन सरळ छतावर पडते. लोखंडी पत्रा पातळ असतो. तो लवकर तापतो आणि ती उष्णता खाली खोलीत सोडतो. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे आढे केले, दोहोंमध्ये हवा खेळण्यास वाव ठेवला अथवा छतावर चुन्याचा पांढरा थर दिला, तर खोली बरीच सुसह्य होते. मातीच्या जाड भिंतीतून उष्णता आत पोचावयास कित्येक तास लागतात. समोरासमोर खिडक्या असतील, तर वारा आरपार वाहतो. पश्चिमेच्या भिंतीवर पडवी अथवा झाडाची सावली असेल, तर तिसऱ्या प्रहराचे ऊन अडते. विटा विशिष्ट पद्धतीने उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याच्या बांधणीत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात, शिवाय त्या पोकळीमुळे उष्णताही रोखली जाते.

यांतील बहुतेक उपाय अल्प खर्चाचे आहेत, मात्र ते योग्य वेळी योजावे लागतात. घराचे तोंड कोणत्या दिशेस असावे हे पाया खणण्यापूर्वी ठरते. खिडक्यांची जागा भिंती उभ्या राहताना ठरते. छत पडल्यावर खिडकी फोडणे गरीब कुटुंबास परवडणारे नसते.

छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टी

योजनेची शासकीय देखरेख मोठ्या प्रमाणात संगणकावर आधारलेली आहे. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र स्थळाच्या अक्षांश-रेखांशासह नोंदविले जाते आणि त्यानुसार हप्ता लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली येथे झाले होते. थेट खात्यात रक्कम जमा होण्याच्या पद्धतीमुळे मधले हात कमी झाले आणि घर कागदावरच राहण्याची शक्यता घटली, हा तिचा मोठाच लाभ होय.

तथापि, छायाचित्रावरून भिंत किती उंच झाली हे कळते. खोली किती तापते हे कळत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. भिंती, छत व खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तीत घालून दिली आहे. परंतु ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. पाड्यावरील घरकुल तिच्या कक्षेत येत नाही. साहजिकच ही पारख गावानेच करणे क्रमप्राप्त ठरते.

ग्रामसभेचा अधिकार

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे स्थान केवळ सल्ला देण्यापुरते नाही. १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने, म्हणजेच ‘पेसा’ने, दारिद्र्यनिर्मूलनाच्या व इतर कार्यक्रमांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेकडे सोपविली आहे. अशा कार्यक्रमांवरील निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घेतले पाहिजे, असेही त्यात नमूद आहे. परंपरेनुसार आपला कारभार चालविणारी वस्ती अथवा पाडा म्हणजे गाव, ही या कायद्याची व्याख्या आहे. तिच्या अंमलबजावणीची कार्यपद्धती महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांत दिली आहे. पाड्यावरील घराबद्दल पाड्याच्याच सभेत बोलता यावे, यासाठी ही तरतूद विशेष उपयुक्त आहे.

याखेरीज घरकुल योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून किमान एकदा सामाजिक अंकेक्षण करण्यास सांगितले आहे. या पद्धतीची पार्श्वभूमी लोकचळवळीची आहे. राजस्थानात १९९४ मध्ये मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया सुरू केल्या व गावातील कामांच्या नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखविल्या. ज्यांच्या नावावर मजुरी लागली होती, तेच लोक समोर बसलेले असल्याने नोंदींचा खरेखोटेपणा तेथल्या तेथे उघड झाला. पुढे माहितीच्या अधिकाराच्या मागणीस याच सुनावण्यांनी बळ दिले.

पाहणी कशी व्हावी

वार्षिक अंकेक्षण बहुधा घर पूर्ण झाल्यावर होते. त्यामुळे ऊर्जेची पाहणी त्यापूर्वी दोनदा होणे इष्ट ठरेल : एकदा पाया आखताना व दुसऱ्यांदा छत घालण्यापूर्वी. पहिल्या वेळी घराची दिशा, खिडक्या आणि चुलीची जागा यांची चर्चा व्हावी; दुसऱ्या वेळी छताचे साहित्य, धुराडे व सौर संचासाठी आधार पाहावा. घर पूर्ण झाल्यानंतर एका उन्हाळ्यात दुपारी खोलीतील व बाहेर सावलीतील तापमान साध्या तापमापकाने मोजता येईल. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून ही नोंद करून घेतल्यास ती विज्ञानाच्या पाठाचाच भाग होईल.

ठेकेदार नेमून घरे बांधण्यास योजनेत मनाई आहे. बांधकाम लाभार्थ्याने स्वतःच्या देखरेखीखाली करावयाचे असते. तसे खरोखर झाले काय, याची विचारणाही सभेत व्हावी. चुलीचा धूर व सरपणाची मोळी यांचा भार स्त्रियांवर पडतो. म्हणून ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिलांच्या सभेत हा विषय आधी घेणे योग्य होईल. ठराव व नोंदी वाचून दाखविताना भिली किंवा पावरी बोलीचा उपयोग केल्यास चर्चेत सर्वांना भाग घेता येईल.

मात्र उणीव आढळली म्हणून कुटुंबाचा हप्ता अडवून ठेवणे हा या पाहणीचा हेतू नव्हे. उणीव वेळीच दाखवून देणे, गवंड्यास व अभियंत्यास ती दुरुस्त करावयास लावणे आणि पुढील घरात ती राहू नये याची तजवीज करणे, हा तिचा खरा हेतू आहे. शेवटचा हप्ता अदा झाला की कार्यालयातील नस्ती बंद होते. कुटुंबाला मात्र त्याच छताखाली पुढचे कित्येक उन्हाळे काढावयाचे असतात. बहुतेक कुटुंबांना घरकुल आयुष्यात एकदाच मिळते. म्हणून त्याची पारख छत पडण्यापूर्वी आणि सर्वांच्या समक्ष होणे अगत्याचे आहे.