परदेशांतील वैद्यकी आणि परतीची वाट

वैद्यकीच्या अध्ययनासाठीं समुद्र ओलांडणें महाराष्ट्राला नवें नाहीं. आनंदीबाई जोशी 1883 सालीं अमेरिकेस गेल्या व 1886 मध्यें फिलाडेल्फिया येथील पदवी घेऊन स्वदेशीं परतल्या. रखमाबाईंनीं लंडन येथें शिक्षण घेऊन पुढें सुरत व राजकोट येथें दीर्घकाल रुग्णसेवा केली. त्या काळीं खरी कसोटी जाण्याची होती. शास्त्राधार काढून वाद होत आणि घरचींच माणसें आडवीं येत. आज तो अडसर उरला नाहीं. प्रवेश सहज मिळतो आणि घरांत पेढे वांटले जातात. कसोटी आतां परत येण्याची आहे. आणि तिचे नियम निघण्यापूर्वींच वाचावे लागतात, हें सांगण्यासाठीं हा लेखप्रपंच.

ज्यानें आयुष्य शाळेंत घालविलें त्याच्याकडे पालक सल्ल्यास येतातच. बहुतेकांची अडचण एकच असते : सरकारी महाविद्यालयांत जागा मिळत नाहीं आणि खाजगी महाविद्यालयाची फी झेपत नाहीं. मग रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपाइन्स ह्या देशांचीं माहितीपत्रकें घरांत येतात. आजोबांची ठेव, काकांनीं काढलेलें कर्ज, कधीं गांवाकडची जमीन, असा साऱ्या कुटुंबाचा पैसा त्यांत पडतो. म्हणून हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नसून घराचा आहे.

पहिली अट प्रस्थानापूर्वींची. ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा 2018 पासून परदेशीं जाणाऱ्यांसही बंधनकारक आहे. ती उत्तीर्ण न होतां घेतलेली पदवी तेथें कितीही मानाची असो, येथील नोंदणीस उपयोगी पडत नाहीं.

पुढचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें 18 नोव्हेंबर 2021 रोजीं जाहीर केले. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांचा अभ्यासक्रम निदान 54 महिन्यांचा हवा; माध्यम इंग्रजी हवें; शिवाय त्याच संस्थेंत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. ज्या देशाची पदवी, त्या देशांत तेथील नागरिकांच्या बरोबरीनें वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रताही हवी. ह्या शेवटच्या अटीमागील न्याय सरळ आहे. ज्याला तो देश आपल्या रुग्णाची नाडी पाहूं देत नाहीं, त्याच्या स्वाधीन आपण आपला रुग्ण कां करावा? भाषेचें वा पूर्वतयारीचें वर्ष धरून कोणी 54 महिने भरवीत असेल, तर पालकांनीं सावध व्हावें.

सर्वांत मोठा घात होतो तो संस्था बदलल्यानें. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेंत व्हावें, त्याचा कोणताही भाग भारतांत वा तिसऱ्या देशांत होऊं नये, आणि सारें दहा वर्षांच्या आंत संपावें, असें नियम सांगतात. एका संस्थेची अट जुन्या नियमांतही होती. फेब्रुवारी 2022 मध्यें युक्रेनमध्यें युद्ध पेटलें तेव्हां हजारों भारतीय विद्यार्थी अभ्यास अर्ध्यावर टाकून परतले, आणि ही अट त्यांच्या वाटेंत उभी राहिली. सप्टेंबर 2022 मध्यें आयोगानें त्यांस अन्य देशांत शिक्षण पुरें करण्याची सवलत दिली, तीही पदवी मूळ विद्यापीठाचीच राहील ह्या अटीवर. अशा सवलतीच्या भरंवशावर कोणीं बेत आंखूं नये.

परतल्यावर एफ्‌.एम्‌.जी.ई. ही परीक्षा असते. ती वर्षांतून दोनदां होते. 300 पैकीं 150 गुण मिळवावे लागतात. अट अवघड वाटत नाहीं, परंतु अलीकडच्या वर्षांत बहुतेक वेळां परीक्षार्थींपैकीं एक तृतीयांशही उत्तीर्ण झालेले नाहींत. उत्तीर्ण झाल्यावर येथें पुन्हां 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि मग राज्याच्या वैद्यक परिषदेकडे कायम नोंदणी. हिशेब मांडून पाहावा : 54, 12 व 12 मिळून 78 महिने, म्हणजे साडेसहा वर्षें, परीक्षेच्या तयारीचा काळ निराळाच. हीच वैद्यकी देशांत 66 महिन्यांत पुरी होते. पैशाची तजवीज मात्र बहुतेक घरांत पदवीपर्यंतचीच केलेली असते.

एवढे विद्यार्थी अनुत्तीर्ण कां होतात? त्याचें एक कारण मला भाषेंत दिसतें. व्याख्यान इंग्रजींत झालें तरी रुग्ण इंग्रजी बोलत नाहीं. तिब्लिसीची म्हातारी आपलें पोट कोठें दुखतें तें जॉर्जियन भाषेंतच सांगणार. ती भाषा ज्यानें पहिल्या दोन वर्षांत मनावर घेऊन शिकली नाहीं, तो पुढें खाटेपाशीं उभा राहूनही बाहेरच राहतो. पुस्तक पाठ होतें, रोगी वाचतां येत नाहीं.

तेव्हां घरांतील वडील मंडळींस विनंति अशी. पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें संस्थेकडून लेखी मागावीं : अभ्यासक्रमाचे महिने किती, माध्यम कोणतें, इंटर्नशिप त्याच संस्थेंत होते काय, आणि तेथील नागरिकांसारखा परवाना मिळतो काय. मध्यस्थाचें तोंडी आश्वासन उत्तर समजूं नये. आयोगाचे नियम वेळोवेळीं बदलतात, म्हणून ते त्या वर्षींचे स्वतः वाचावे. आणि पांचवा प्रश्न मुलाला किंवा मुलीला एकांतांत विचारावा, कीं ही इच्छा तुझी कीं आमची? उत्तर अडखळत आलें तर आणखी एक वर्ष थांबावें, किंवा दुसरी विद्या धरावी. डॉक्टर न होण्यांत कुळाला कमीपणा नाहीं. परंतु तिशीच्या उंबरठ्यावर हातीं पदवी असून ना तेथें ना येथें वैद्यकी करतां येत, ही अवस्था त्या मुलाला आणि घराला फार दिवस जाळते.