हेडसेट, पडदा आणि प्रत्यक्ष कार्यक्रम



लोकवर्गणीच्या पैशांतून ‘व्हीआर हेडसेट’ घ्यावा की प्रोजेक्टर, अशी पृच्छा अलीकडे काही शाळांकडून झाली आहे. दूरचे नाटक वा सामना मुले समक्ष पाहिल्याप्रमाणे पाहतील, असे विक्रेते सांगतात. हे कितपत खरे, हे ठरविण्यापूर्वी त्या उपकरणाची रचना समजून घ्यावयास हवी.

आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या बाजूंनी पाहतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांच्या साह्याने हे दाखवून दिले. हेडसेटचे मूळ तत्त्व हेच होय. प्रत्येक डोळ्यापुढे भिंगातून वेगळे चित्र येते. शिवाय मान वळविताच दृश्यही वळते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथील बास्केटबॉलचा एक सामना अशा रीतीने थेट दाखविण्यात आला. क्रीडांगण लहान, कॅमेरा अगदी कडेला. त्यामुळे प्रेक्षकास जणू पहिल्या रांगेतील खुर्चीच लाभली. क्रिकेटचे तसे नाही. सीमारेषेवरील कॅमेऱ्यातून फलंदाज बोटाएवढा दिसावयाचा. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र अनेक कॅमेऱ्यांतून निवडलेले दृश्य येते व चेंडूची शिवणही दिसते. कोठे पाहावे हे तेथे दुसराच कोणी ठरवितो, एवढी उणीव खरी.

जत्रेतील तमाशा या दोहोंहून निराळा. सोंगाड्या समोरच्यास टोमणा मारतो, हशा पिकला की थांबतो, न पिकल्यास बोलणे बदलतो. ही देवघेव पडद्यावर नाही आणि हेडसेटमध्येही नाही. तथापि पडद्यापुढे निदान शेजारी तरी असतो.

एका शाळेत मी हेडसेट एक आणि मुले ४७ असा प्रसंग पाहिला. प्रत्येकास ३ मिनिटे म्हटली तरी २ तास २१ मिनिटे लागतात. बाकीची मुले हेडसेट लावलेल्याचे उघडे तोंड पाहून हसत होती. सर्वांनी मिळून पाहिलेला कार्यक्रम तेवढाच! पुढे एका मुलीस घेरी आली. डोळे ‘मी चालते आहे’ म्हणतात आणि कानातील तोल सांभाळणारा भाग ‘मी स्थिर आहे’ म्हणतो. या विसंगतीने असे होते. मेटा कंपनीच्या स्वतःच्याच नियमांनुसार तिचे हेडसेट १० वर्षांखालील मुलांसाठी नाहीत. म्हणजे आपले पहिली ते चौथीचे वर्ग जवळजवळ वगळलेच गेले. हे त्या मुख्याध्यापकांस खरेदीपूर्वी कोणी सांगितले नव्हते.

माझ्या मते प्रोजेक्टर व बरा ध्वनिवर्धक घ्यावा. दोन डोळ्यांचा पाठ शिकविण्यास तर उपकरणही नको. मुलांना नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटावयास सांगावे. समोरच्या भिंतीवर बोट जागा बदलताना दिसते.