पळस वाचवायचा तर बांधावरच

होळी तोंडावर आली की बाजारात ‘नैसर्गिक रंगां’च्या पुड्या दिसू लागतात. परभणीकरांना त्यासाठी दुकान गाठायची गरज नाही. जिंतूरहून येलदरीच्या वाटेला लागा. माळावर, गायरानात, बांधावर पळस फुललेला दिसेल. धबधब्यांच्या सहली श्रावणातल्या, सहस्रकुंडचा धबधबाही पावसाळ्यातच पाहावा. मराठवाड्याचा माळ मात्र रंगतो तो पाणी आटल्यावर.

एक फूल तळहातावर घेऊन पाहा. बुडाशी काळपट, मखमली वाटी. तिच्यातून निघालेल्या पाच केशरी पाकळ्या, त्यांतल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. आत मध. पानं गळून गेल्याने हा रंग पाखरांना लांबूनच दिसतो. साळुंक्या, बुलबुल झाडावर गर्दी करतात. पण मध पिणारा प्रत्येक जण परागीभवन करतोच असं नाही. टंडन, शिवण्णा आणि मोहन राम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला पळसाचा अभ्यास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. फुलांवर सात जातींचे पक्षी आले, पण परागीभवनाचं काम चोख केलं ते एकट्या जांभळ्या सूर्यपक्ष्याने. पक्ष्यांखेरीज खारही या कामाची निघाली. पुढे चपट्या शेंगा धरतात. शेंगेत बी एकच, तीही टोकाला. उन्हाळी वाऱ्यावर शेंग उडते आणि पावसाच्या तोंडी जमिनीला लागते.

राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत परभणी मोडते. इथला पळस राखीव जंगलापेक्षा शेतकऱ्याच्या बांधावर जास्त जगतो, म्हणून त्याचं भवितव्यही शेतकऱ्याच्याच हाती आहे. पळस तोडला तरी मुळापासून फुटतो, म्हणून त्याची कुणाला काळजी वाटत नाही. पण दरवर्षी छाटलेलं, बांध पेटवताना होरपळलेलं झाड झुडूपच राहतं. त्याला फुलं येत नाहीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाखरांचा मध जातो. वृक्षारोपणाच्या मोहिमा जरूर व्हाव्यात. पण पाणी न घालता वाढणारा हा पळस आधी राखायला हवा.

रंगासाठी फांद्या ओरबाडू नका. झाडाखाली पडलेली फुलं वेचा, सावलीत वाळवा, रात्रभर पाण्यात भिजवून उकळा; केशरी रंग तयार होतो. आणि यंदा बांध साफ करताना निदान एक पळस वाढू द्या.