सहा मिनिटं, एकही शब्द नाही

रोजच्या मालिकांचं एडिटिंग करणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती हा प्रसंग आला असता, तर मी त्याची अर्ध्या मिनिटात वासलात लावली असती. बर्लिनमधल्या नाझी गोटात वावरणारा सोव्हिएत हेर स्टिर्लिट्झ कॅफेत बसलाय. कित्येक वर्षांत न दिसलेली बायको दुसऱ्या टेबलावर आणून बसवलेली. बोलायची सोय नाही. एकमेकांकडे नुसतं बघायचं. पाचसहा मिनिटं फक्त तारिवेर्दिएवचं संगीत आणि दोन चेहरे. मग सोबतचा माणूस तिला घेऊन जातो. संपलं.

‘वसंतातले सतरा क्षण’ ही बारा भागांची कृष्णधवल मालिका ऑगस्ट 1973 मध्ये सोव्हिएत टीव्हीवर आली. कथा युलियान सेम्योनोव्हची, पण कॅफेतली भेट कादंबरीत नाही. ती सुचवली स्टिर्लिट्झ झालेल्या तिखोनोव्हने. ऐकून घेणारी आणि इतकी लांबवायचं धाडस करणारी दिग्दर्शिका मात्र तात्याना लिओझ्नोवा.

जन्म मॉस्कोचा, 1924 चा. वडील युद्धात गेले, आई शिवणकाम करायची. विमानविद्येच्या संस्थेत जेमतेम एक सत्र काढून ही सिनेमाच्या संस्थेत गेरासिमोव्हकडे शिकायला गेली. 1968 च्या ‘प्ल्युश्चिखावरचे तीन पॉप्लर’मध्येच तिचा हात दिसतो. खेड्यातली न्युरा घरचं हॅम विकायला मॉस्कोत येते, टॅक्सीवाल्याशी सूर जुळतो. संध्याकाळी तो खाली टॅक्सी घेऊन थांबतो. ती जात नाही. एवढंच घडतं, आणि जीव टांगणीला लागतो.

नटांवर तिची नजर बारीक. गेस्टापोचा म्युलर झालेल्या ब्रोनेवोयला गणवेशाची कॉलर काचत होती, म्हणून तो सारखी मान झटकायचा. दुसऱ्या कुणी शिंप्याला बोलावलं असतं. हिने ती लकब ठेवून दिली. आता त्या झटक्याशिवाय म्युलर डोळ्यांपुढे येत नाही.

1981 मध्ये तिने ‘कार्निव्हल’ केला: नटी व्हायला मॉस्को गाठणाऱ्या मुलीची गोष्ट, गाण्यांनी भरलेली. 2011 मध्ये ती गेली. त्याआधी दोन वर्षं मालिकेला रंग चढवून भाग आखूड करण्यात आले होते. रंगाचं एक वेळ चालवून घेईन, कात्रीचं नाही. बघायचीच तर जुनी कृष्णधवल बघा, आणि कॅफेच्या प्रसंगात पुढे ढकलायचं बटण दाबू नका.