संगणक संथ झालाय? आधी दोषी शोधा

कुकटपल्लीत आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक वारसा हक्काचा संगणक असतो: ताईच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, आता धाकट्याच्या गळ्यात पडलेला. बटण दाबून चहा टाकायचा, चहा उकळला तरी पडदा फिरतोच आहे. मग कुणीतरी म्हणतं, नवा घ्या. चाळीसेक हजार रुपये म्हणजे काहींच्या घरची वर्षाची फी. म्हणून खिशात हात घालण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. संगणक अडखळत असताना यातलं कोण शंभराला टेकलंय, तोच आपला दोषी.

जुन्या यंत्रात बहुधा डिस्क सापडते. हार्ड डिस्क म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी, बऱ्याच लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेऱ्या. म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली वाचतं. थेंबे थेंबे तळं साचतं ते असं! एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ही वाट पाहणं जवळपास संपतं. एकच बदल करायचा असेल तर हाच करा.

मेमरी भरत असेल तर गोष्ट वेगळी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की डबे माळ्यावर ठेवायचे, लागले की पुन्हा उतरवायचे. वेळ जातो तो या चढ-उतारात. क्रोमचे पंचवीस टॅब उघडे असतील तर ४ जीबीचा ओटा पुरणार कसा? ८ जीबी करा. मात्र डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही, जुनी पट्टी सोबत न्या. मेट्रोने अमीरपेटला गाडी बदलून पॅराडाइजला उतरलात की सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर जवळच आहे. चार दुकानं फिरून भाव विचारा.

पैसे न लागणारे उपायही आहेत. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नका. आपला भाग हायवेच्या धुळीचा, त्यात एप्रिल-मेचा उन्हाळा. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पंखा साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. डेस्कटॉपवर वारंवार रिफ्रेश मारल्याने मात्र काही होत नाही, तो फक्त हाताचा चाळा. ‘एका क्लिकमध्ये वेग’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं तर टाकूच नका, बहुतेकदा तीच नवं ओझं होतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या यंत्रांत नसतं. अशा यंत्रावर लिनक्स मिंट टाकून पाहा. फुकट आहे, आणि युनिकोड मराठी त्यातही नीट टाइप होतं.

आणि हो, डिस्क बदलण्याआधी फोटो, प्रोजेक्ट, अर्धवट कविता, सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर बाकी सगळं सोडून हे काम आजच.